थँक्यूबाईची हजेरी

विचित्र गोष्ट एकदा घडली तर कुणी सांगत नाही. आपलंच काही चुकलं असेल असं वाटतं. दुसऱ्यांदा घडली की हळू आवाजात सांगतात. तिसऱ्यांदा घडली की तिचा किस्सा होतो, आणि मग आधीच्या दोन्हीही आठवायला लागतात. जव्हारच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात असे किस्से जमत गेले ते हजेरीच्या यंत्राचे. तांदूळ निवडताना, रविवारी एकमेकींची डोकी बघताना त्यांत भर पडायची. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे सगळ्या जणी माझ्यासमोर बोलतात आणि किस्से माझ्याकडे साठतात. आता मी दहावीत आहे. सहावीपासून इथं राहते, म्हणजे यंत्र आणि मी एकाच वर्षी आलो.

*

यंत्र बसवायला नाशिकहून एक माणूस आला होता. दारातून आत आलं की डाव्या हाताला, पाण्याच्या माठाच्या वरच्या भिंतीवर त्यानं ते ठोकलं. काळी डबी, तिला एक काच आणि दोन बोटं उंचीचा स्क्रीन. काचेवर अंगठा ठेवायचा. ओळख पटली की आतून एक बाई गोड आवाजात 'थँक यू' म्हणायची. नाही पटली तर तितक्याच गोड आवाजात 'प्लीज ट्राय अगेन'. तास संपायच्या आत मुलींनी तिचं नाव ठेवलं, थँक्यूबाई.

त्या दिवशी प्रत्येकाचा अंगठा यंत्राला तीन-तीनदा शिकवायचा होता. आधी कर्मचारी, मग मुली. कर्मचाऱ्यांत शेवटचे होते काशिनाथकाका, आमचे रखवालदार. त्यांच्या मागे मुलींची रांग, आणि रांगेत पहिली मी, कारण उंचीनं सगळ्यांत लहान.

काकांचा अंगठा लागेचना. दोनदा कसाबसा लागला, तिसऱ्यांदा काही केल्या नाही. त्या माणसानं त्यांना अंगठा पुसायला लावला. मग केसांवरून फिरवायला लावला, तेल लागावं म्हणून. प्लीज ट्राय अगेन. प्लीज ट्राय अगेन. शेवटी वैतागून तो माझ्याकडे वळला. "ए, तू ठेव बघू. काच बिघडली की काय ते कळेल."

मी ठेवला. थँक यू.

"काच ठीक आहे," तो म्हणाला. त्यानं एकदोन बटणं दाबली आणि काकांना सांगितलं, "जा, झालं तुमचं. अंगठ्याला केलंय तरी काय?"

काकांनी अंगठा उजेडात धरून पाहिला. "बारा वरसां भिवंडीच्या वीटभट्टीवर व्हतो, सायेब. रेषा तिनं ठेवून घेतल्या. मला नुसतं हाड दिलं."

*

थँक्यूबाईचे नियम सोपे होते. मुलींनी दिवसातून एकदाच, शाळेतून परत आल्यावर अंगठा ठेवायचा. कर्मचाऱ्यांनी दोनदा. दिवसातला पहिला ठसा म्हणजे माणूस आत आला, दुसरा म्हणजे बाहेर गेला, त्यापुढचे ती मोजायची नाही. एवढंच तिला कळायचं.

स्क्रीनवर नाव उमटायचं, पण मागून साठ मुली ढकलत असताना ते वाचायला थांबणार कोण? थँक यू ऐकू आलं की आपण आलो.

पहिल्याच पावसाळ्यात आवणीची सुट्टी झाली. भात लावायला आम्ही सगळ्या गावाला गेलो. आठ दिवस चिखलात वाकून परत आलो तर अंगठे पांढरे, सुरकुतलेले, चिरा पडलेले. त्या संध्याकाळी थँक्यूबाईनं एकीलाही ओळखलं नाही. साठच्या साठ गैरहजर.

हजेरी आपोआप वरच्या कार्यालयात जाते. तासाभरात आमच्या अधीक्षिका मॅडमना फोन आला. एवढ्या मुली गेल्या कुठं, असं तिकडून कुणी साहेब ओरडून विचारत होते. आम्ही समोरच भात-वरण खात बसलो होतो. मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"जेवताहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "पण नाहीत."

*

त्या हिवाळ्यात आमची सहल शिरपामाळला गेली. लांब नाही, चालतच गेलो. वसतिगृहाला कुलूप लावून मॅडमनी किल्ली पर्समध्ये टाकली, काकाही आमच्याबरोबर आले. महाराज थांबले होते त्या जागी सगळ्यांचा एक फोटो काढला. त्यात जना नावाची सहावीतली मुलगी अगदी मधोमध आहे, तिचे दात दिसताहेत.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर जना वसतिगृहात हजर होती. वेळ सकाळी अकरा चाळीस. फोटो त्याच वेळचा.

कुलूप काढलं तेव्हा काचेवर एक पाल बसली होती, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. जना मात्र तीन दिवस कुणाशी बोलली नाही. मग माझी मैत्रीण यमुना हिनं तिला सगळ्यांदेखत विचारलं, "जने, खरं सांग. सहलीला आलेली ती तू, का घरी राहिलेली ती तू?" बाकीच्या हसल्या. जना हसली नाही. रात्री ती आपली गादी ओढून माझ्या शेजारी घेऊन आली. मी काही विचारणार नाही हे तिला माहीत होतं.

मॅडमकडे तक्रार गेली तेव्हा त्यांनी जे वाक्य सांगितलं ते आम्हाला पुढं फार वेळा ऐकायला मिळालं. "यंत्राला कुणाशी वैर नसतं."

यमुना बाहेर येऊन म्हणाली, "मग पालीला असंल."

*

माझं आणि थँक्यूबाईचं वेगळंच होतं. महिन्यातून दोन-तीन दिवस ती मला गैरहजर लावायची. मी रांगेत असायचे, अंगठा ठेवायचे, थँक यू ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या कागदात माझ्या नावापुढे लाल फुली. मॅडम विचारायच्या, कुठं होतीस? मी खाली बघायचे. आले होते हे मी कसं सिद्ध करणार? यमुना म्हणायची, "तू आलेली आम्हालाच कळत नाही, तिला बिचारीला काय कळणार!"

काकांचं उलटं होतं. त्यांची ड्युटी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. पण कागदावर ते कधीकधी पाचलाच निघून गेलेले दिसायचे. मॅडम त्यांना बोलावून घ्यायच्या. काका फाटकावरून उठून यायचे, चपला बाहेर काढायचे आणि उंबऱ्यात उभे राहायचे. आपण सातपर्यंत फाटकावर बसलो होतो हे त्यांनी एकदाच सांगितलं. मॅडमनी कागद दाखवला. काकांना वाचता येत नव्हतं, पण कागद दाखवल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिला, आणि परत दिला.

"गेलो असंन, म्याडम," ते म्हणाले. "तिकडं लिवलंय त्या."

पुढं ते दर वेळी हेच म्हणायचे. शिकलेल्या माणसाला खोटं पाडायचं नाही, असं त्यांचं धोरण होतं, आणि थँक्यूबाई तर इंग्रजी बोलायची. एकदा मॅडमनी माफीनामा लिहून आणला. यापुढे वेळेआधी जाणार नाही. काकांनी त्याच्याखाली शाईचा अंगठा उठवला.

शाईत तो सुरेख उमटला. एकही रेष नसलेला, काळा, गोल.

*

आता मंदाचं. हा किस्सा नव्हे, पण हा सोडून पुढचं सांगता येत नाही.

मंदा पाचवीत होती, खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिला वसतिगृह आवडायचं नाही. दर शनिवारी ती मागच्या भिंतीजवळ उभी राहून आपल्या गावाच्या दिशेनं बघायची. ती भिंत एका ठिकाणी पावसात ढासळली होती. तिकडून खाली उतरलं की दरी. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मॅडमना माहीत होतं. भिंतीसाठी वर अर्ज गेला होता.

मी तेव्हा आठवीत होते. त्या दिवशी शाळेतून येताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला. मी पाय ओढत आले, आत जाऊन अंगठा ठेवला, थँक यू ऐकलं आणि पुन्हा फाटकाशी गेले. काकांनी न विचारताच हात पुढं केला. त्यांच्या खुर्चीखाली एका डब्यात तारा, खिळे, दोरे असायचे.

"चालतंस कं लढाई करतंस, बाय?" ते म्हणाले.

मी हसले. त्यांनी तार तापवून पट्ट्यातून ओवली, मग पिळली, मग दगडानं ठोकून टोकं आत वळवली, पायाला लागू नयेत म्हणून. सावकाश करत होते. मी शेजारी दगडावर बसून होते. प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा साडेसहा वाजले होते. चप्पल माझ्या पायात होती आणि काका खुर्चीत होते.

प्रार्थनेला मंदा नव्हती.

काका बॅटरी घेऊन मागच्या भिंतीवरून दरीत उतरले ते सकाळीच वर आले. मंदाला त्यांनीच आणलं, आपल्या टॉवेलात गुंडाळून. आम्हाला खिडकीतून बघू नका म्हणून सांगितलं होतं. मी पाहिलं. तिचा एक हात बाहेर आला होता आणि काका चालता चालता तो पुन्हा पुन्हा आत घेत होते.

दुपारी पोलिसांनी हजेरीचा कागद मागितला. त्यावर लिहिलं होतं: काशिनाथ, आत सहा छप्पन्न, बाहेर पाच बारा.

त्याच कागदात खाली, मुलींच्या यादीत, माझ्या नावापुढे लाल फुली होती.

*

दुसऱ्या दिवशी पोलिसांबरोबर एक बाई आल्या, चांगल्या होत्या. मुलींना एकेक करून बोलावत होत्या. मी आदल्या रात्रभर मनात वाक्य तयार केलं होतं. एवढं मोठं वाक्य मी परक्या माणसासमोर कधी बोलले नव्हते. काका साडेसहापर्यंत फाटकावर होते, ते माझी चप्पल नीट करत होते.

त्यांनी ते लिहायला घेतलं. मग नाव विचारलं. मग कागदावरून बोट फिरवत आल्या आणि माझ्या नावाशी थांबल्या.

"पण बाळा," त्या म्हणाल्या, "तू तर नव्हतीसच."

मी चप्पल दाखवली. त्यांनी तार पाहिली. तारेवर तारीख नसते, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. एकच रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

*

खटला वर्षभर चालला. हे मी पाहिलेलं नाही. मॅडमना साक्षीला जावं लागायचं आणि आल्यावर त्या स्वयंपाकाच्या मावशींना सांगायच्या. मी भांडी पुसत असायचे.

नाशिकचा तो माणूस येऊन गेला. यंत्र व्यवस्थित आहे असा त्यानं दाखला दिला. सरकारी वकिलांनी माफीनामा काढला. हा माणूस नेहमीच लवकर जातो, त्यानं स्वतः कबूल केलंय, हा बघा त्याचा अंगठा. काकांना सरकारनंच एक वकील दिला होता. त्यानं विचारलं की मुलगी भिंतीवरून गेली असेल तर फाटकावरच्या माणसाचा काय दोष? त्यावर सरकारी वकील म्हणाले, दर तासाला मागं फेरी मारायचं काम कुणाचं? पाचनंतरची फेरी कुणी मारली?

काकांनी सांगितलं की पाचची फेरी आपण मारली. सहाची चुकली, पोरीची चप्पल शिवत होतो. पोरीचं नाव विचारलं, त्यांनी माझं सांगितलं. ती त्या दिवशी गैरहजर होती, हे न्यायालयाच्या निदर्शनास आणून देण्यात आलं. मॅडमनी हे वाक्य असंच्या असं सांगितलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मग न्यायाधीशांनी काकांना स्वतः विचारलं की शेवटचं काही सांगायचंय का. इथं मॅडमचा आवाज बदलायचा. काका म्हणाले, "सायेब, मी तिथंच व्हतो. पण मशीन म्हणतं नव्हतो. मशीन शिकलेलं हाय. माझी बायको म्हणते मी येडा. आता मला पण वाटाय लागलंय, मी गेलोच असंन. कुठं गेलो तेवढं कुणी सांगा."

हलगर्जीपणासाठी दोन वर्षं झाली. वरच्या कोर्टात जाईपर्यंत जामीन मिळाला असता, पण जामीन राहणारा माणूस सातबारावाला लागतो. काकांच्या अख्ख्या वाडीत सातबारा कुणाच्याच नावावर नाही.

*

मंदा गेल्यापासून मुलींनी एक गोष्ट सुरू केली. कुणी सुरू केली ते माहीत नाही. अंगठा ठेवताना डोळे मिटायचे. कारण नाशिकच्या माणसाशिवाय यंत्रातलं नाव कुणाला काढता येत नव्हतं, आणि मंदाचं नाव आत तसंच होतं. चुकून स्क्रीनवर तेच दिसलं तर? म्हणून साठ मुली, ओळीनं, डोळे मिटून, थँक यू. डोळे मिटून, थँक यू. मीही मिटायचे.

संध्याकाळी वीज गेली आणि परत आली की थँक्यूबाई आपोआप एकदा बोलायची. समोर कुणी नसायचं. स्वयंपाकाच्या मावशी आतून ओरडायच्या, "बरं, बरं! बस आता!" आणि मग आणखी जोरात पोळ्या लाटायच्या.

*

काकांना ठाण्याच्या तुरुंगात नेलं त्याला तीन महिने झाले असतील. मॅडमनी महिन्याअखेरीस कर्मचाऱ्यांचा कागद काढला. नवीन रखवालदाराचं नाव घालायचं होतं. कागद हातात घेऊन त्या ऑफिसातून बाहेर आल्या आणि माठावरचा पेला घेऊन पाणी प्यायल्या. मग अजून एक पेला प्यायल्या.

काकांच्या नावापुढे तीन दिवस हजेरी होती. एक मंगळवार, एक गुरुवार, एक शुक्रवार. आत पाच सात. आत पाच दहा. आत पाच चार. बाहेर गेल्याची नोंद एकाही दिवशी नव्हती.

"जुना डेटा असेल," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राला हळदकुंकू लागलेलं होतं आणि खाली अर्धं लिंबू. मॅडमनी ते काढायला सांगितलं नाही. मुली आता रांगेत एकमेकींचा हात धरून उभ्या राहायला लागल्या. त्या महिन्यात मलाही तीन लाल फुल्या होत्या, पण जिथं ठाण्याचा माणूस जव्हारला हजर राहतो तिथं माझ्या फुल्या कोण मोजणार?

ही गोष्ट बाजारात गेली. बाजारातून काकांच्या बायकोकडे गेली. काकी सोमवारच्या बाजाराला रानभाज्या आणि झाडू घेऊन येते. ती एका दुपारी फाटकाशी आली, आत यायला तयार होईना. मॅडमनाच बाहेर जावं लागलं. आम्हाला वाटलं, आता ही रडेल किंवा भांडेल. काकीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कोण्या वारी येतात?"

मॅडमनी वार सांगितले.

"मी त्यांना भेटून आलो मागल्या महिन्यात," काकी म्हणाली. "तिकडं पण व्हते. बारीक झालेत." तिनं पाटी उचलून पुन्हा डोक्यावर घेतली. "इकडं येतात तेव्हा सांगा त्यांना, घराचा कुड सारवायचा राह्यलाय. नुसतं दारात येऊन जाऊ नका."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी यायला लागली. काकांची खुर्ची नव्या रखवालदाराकडे होती, म्हणून ती मी बसायचे त्या दगडावर बसायची. मुली शाळेतून यायच्या, एकेक जण आत जायची, आतून थँक यू ऐकू यायचं. दर थँक यूला काकी मान वर करून दाराकडे बघायची.

*

शेवटचा किस्सा या महिन्यातला आहे.

काकांचा खटला वरच्या कोर्टात गेला होता. तिथं त्यांना एक वकीलबाई मिळाल्या होत्या. त्या एका बुधवारी जव्हारला आल्या. एसटीनं आल्या, पायांत साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी मागची भिंत पाहिली. ती अजून तशीच आहे. मॅडमकडून सगळे जुने कागद घेतले. मग दाराशी येऊन यंत्रासमोर उभ्या राहिल्या. माठावर कोपर टेकवून, अगदी आरामात, बसची वाट बघावी तशा.

पाच वाजून गेले होते. आम्ही शाळेतून आलो. काकी फाटकाजवळ दगडावर होती.

"चालू द्या तुमचं," वकीलबाई आम्हाला म्हणाल्या. "मला फक्त बघायचंय."

रांग सुरू झाली. डोळे मिटून, थँक यू. वकीलबाई स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचत होत्या. वर्षानुवर्षं जे आमच्यातल्या कुणीही केलं नव्हतं ते त्या करत होत्या. "यमुना," त्यांनी वाचलं. यमुनानं डोळे उघडून मान हलवली. "सुनीता." सुनीता हसली. "जना." जनानं सुटकेचा श्वास सोडला तो मला मागं ऐकू आला. रांग पुढं सरकत होती. मंदाचं नाव येत नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आज काही नाही."

माझी पाळी आली. मी डोळे मिटले आणि अंगठा ठेवला.

थँक यू.

वकीलबाईंनी नाव वाचलं नाही.

मी डोळे मिटूनच वाट पाहिली. माठातून पाणी ठिबकत होतं. मग माझ्या मनगटाभोवती बोटं आली, गार नव्हती, माणसाची होती. मी डोळे उघडले. वकीलबाई स्क्रीनकडे बघत होत्या.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मोठ्यानं."

"रंजना."

त्यांनी पिशवीतून मॅडमचे कागद काढले आणि एका हातानं चाळायला लागल्या. दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलेलंच होतं. एका कागदावर थांबल्या. मंदाच्या दिवसाचा होता, मला लाल फुली लांबूनही ओळखू आली. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. दर कागदावर त्यांची नजर काकांच्या ओळीवरून माझ्या फुलीवर जात होती. मॅडम त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या आणि त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"पुन्हा ठेव," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आरामातला राहिला नव्हता. "डोळे उघडे ठेवून."

मी ठेवला. थँक यू.

मागं एकही मुलगी ढकलत नव्हती. काकी फाटकाजवळून उठून कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. ती आजपर्यंत उंबऱ्याच्या आत आली नव्हती, आता माठापाशी उभी होती. तिनं माझा अंगठा काचेवरून उचलून आपल्या तळहातावर घेतला आणि वाकून त्याच्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

वकीलबाई माझ्याकडेच बघत होत्या.

मग मी वाचलं. रांगेतल्या शेवटच्या मुलीला, बाहेर नव्या रखवालदारालाही ऐकू गेलं, असं यमुना अजून सगळ्यांना सांगते.

"काशिनाथ," मी म्हटलं. "बाहेर. पाच वाजून एकवीस मिनिटं."